बेकी हॅमन : ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेली खेळाडू एनबीएची पहिली पूर्णवेळ महिला प्रशिक्षक कशी झाली?

३० डिसेंबर २०२०. अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहरात एनबीएचा सामना रंगला होता. एका बाजूला यजमान सॅन अँटोनिओ स्पर्स, दुसऱ्या बाजूला लेब्रॉन जेम्सचा लॉस एंजेलिस लेकर्स. दुसरा क्वार्टर संपायला चार मिनिटं उरली होती. स्पर्सचे मुख्य प्रशिक्षक ग्रेग पोपोविच पंचांवर भडकले आणि पंचांनी त्यांना थेट बाहेर काढलं. जाता जाता पोपोविच यांनी आपल्या एका सहायकाकडे बोट दाखवलं. आता संघ तुझ्या ताब्यात, असा त्याचा अर्थ होता.

ती सहायक म्हणजे बेकी हॅमन. एनबीएच्या नियमित हंगामातल्या सामन्यात मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी सांभाळणारी ती पहिली महिला ठरली. स्पर्स तो सामना १२१-१०७ असा हरले, पण दुसऱ्या दिवशी बातमी झाली ती बेकीची.

पण ती तिथपर्यंत पोहोचली कशी? आणि इतकं होऊनही एनबीएच्या एकाही संघाने तिला कायमचं मुख्य प्रशिक्षक का केलं नाही? जाणून घेऊया.

बुटकी म्हणून दुर्लक्ष झालं

बेकीचा जन्म ११ मार्च १९७७ रोजी साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटीचा. हे शहर अमेरिकेच्या बास्केटबॉल नकाशावर तसं कोपऱ्यातलंच. तिची उंची पाच फूट सहा इंच. आपल्याकडे ही चांगली उंची वाटेल, पण अमेरिकन बास्केटबॉलमध्ये एवढ्या उंचीचा खेळाडू बुटकाच धरला जातो. शालेय पातळीवर राज्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरूनही मोठ्या नावाच्या कॉलेजांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मग ती कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत गेली. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तिने तिथले विक्रम मोडून काढले. शेवटच्या हंगामात तिच्या संघाने ३३ सामने जिंकले आणि फक्त ३ गमावले. राष्ट्रीय स्पर्धेत हा संघ शेवटच्या सोळांत पोहोचला.

एवढी कामगिरी केल्यावर व्यावसायिक संघ तिच्यामागे लागतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच.

ड्राफ्टमध्ये नाव का आलं नाही?

महिलांची व्यावसायिक लीग म्हणजे डब्ल्यूएनबीए. तिचा पहिला हंगाम १९९७ चा. त्याच सुमारास महिलांची आणखी एक लीग अमेरिकेत सुरू होती, तिचं नाव एबीएल. डिसेंबर १९९८ मध्ये पैशांअभावी एबीएल मध्येच बंद पडली आणि तिथल्या अनुभवी खेळाडू एकदम रिकाम्या झाल्या.

ड्राफ्ट म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करण्याची पद्धत. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये एबीएलच्या या अनुभवी खेळाडूंची गर्दी झाली. कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींसाठी जागाच कमी उरल्या. बेकीचं नाव एकाही संघाने घेतलं नाही.

न्यूयॉर्क लिबर्टी या संघाने तिला चाचणीसाठी बोलावलं आणि तिथे तिने जागा मिळवली. तिची जागा होती पॉइंट गार्डची. चेंडू घेऊन पुढे जायचं, कोण मोकळं आहे ते हेरायचं आणि कोणता डाव खेळायचा ते ठरवायचं, हे पॉइंट गार्डचं काम. थोडक्यात, मैदानावरचा प्रशिक्षकच. लिबर्टीत या जागेवर तेरेसा वेदरस्पून ही नावाजलेली खेळाडू होती, त्यामुळे सुरुवातीला बेकी राखीव खेळाडू म्हणून बाकावरून उतरायची.

२००७ मध्ये लिबर्टीने तिला सॅन अँटोनिओच्या महिला संघाकडे पाठवलं. त्याच वर्षी ती लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट देणारी खेळाडू ठरली. असिस्ट म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटआधी दिलेला निर्णायक पास. १६ हंगामांत तिने ५,८०० पेक्षा जास्त गुण केले, सहा वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी तिची निवड झाली आणि २०११ मध्ये लीगच्या इतिहासातल्या १५ सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत तिचं नाव आलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. १९९९, २००० आणि २००२ मध्ये न्यूयॉर्ककडून, तर २००८ मध्ये सॅन अँटोनिओकडून तिचा संघ अंतिम फेरीत गेला. चारही वेळा हरला. खेळाडू म्हणून बेकीला डब्ल्यूएनबीएचं विजेतेपद कधीच मिळालं नाही.

रशियाकडून ऑलिम्पिक खेळल्यावर काय झालं?

डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि त्या काळी तिथला सर्वोच्च पगारही वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास होता. त्यामुळे बहुतेक मोठ्या खेळाडू हिवाळ्यात युरोपात जाऊन खेळायच्या. बेकी मॉस्कोच्या सीएसकेए क्लबकडून खेळत होती.

अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघासाठी ज्या खेळाडूंचा विचार सुरू होता, त्या सुरुवातीच्या यादीत बेकीचं नाव नव्हतं. रशियाने मात्र तिला नागरिकत्व देऊ केलं. ऑलिम्पिक खेळायचं स्वप्न लहानपणापासूनचं, त्यामुळे २००८ मध्ये तिने होकार दिला.

मायदेशात गदारोळ झाला. खुद्द अमेरिकन संघाच्या प्रशिक्षक अ‍ॅन डोनोव्हन यांनी तिच्या देशप्रेमावर जाहीर शंका घेतली. बीजिंगमध्ये उपांत्य फेरीत नेमके अमेरिका आणि रशिया समोरासमोर आले. अमेरिका ६७-५२ अशी जिंकली. रशियाला कांस्यपदक मिळालं आणि बेकीच्या गळ्यात ऑलिम्पिक पदक पडलं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही ती रशियाकडूनच खेळली.

विमानातली भेट आणि दुखावलेला गुडघा

लंडनहून परतताना विमानात तिच्या शेजारी ग्रेग पोपोविच होते. स्पर्सना अनेक विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. प्रवासात दोघांच्या गप्पा रंगल्या, त्याही बास्केटबॉल सोडून बाकी सगळ्या विषयांवर. मला उद्या कामावर घेतलं तर खरं बोलशील का, असं पोपोविच यांनी तिला विचारल्याचं पुढे सांगितलं गेलं. होला हो करणारी माणसं त्यांना नको होती.

जुलै २०१३ मध्ये बेकीच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. वय ३६. या वयात ही दुखापत म्हणजे कारकीर्द संपल्यातच जमा. पण सॅन अँटोनिओत महिला आणि पुरुष, दोन्ही संघांची मालकी एकाच समूहाकडे होती. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. बेकीने स्पर्सच्या सरावाला आणि बैठकांना बसू द्याल का, असं विचारलं. पोपोविच यांनी परवानगी दिली.

त्या हंगामात ती प्रशिक्षकांच्या बैठकांत बसली, सामन्यांचे व्हिडिओ पाहिले, मत मांडलं, वादही घातले. २०१४ मध्ये स्पर्सनी एनबीएचं विजेतेपद पटकावलं. म्हणजे एका विजेत्या संघाचं काम आतून कसं चालतं, हे तिने वर्षभर जवळून पाहिलं होतं.

५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्सनी तिला सहायक प्रशिक्षक म्हणून नेमल्याचं जाहीर केलं. तेव्हा डब्ल्यूएनबीएतला तिचा शेवटचा हंगाम अजून सुरूच होता.

ती खरंच पहिली होती का?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बेकीच्याही आधी, २००१-०२ च्या हंगामात लिसा बॉयर यांनी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सच्या प्रशिक्षक चमूत काम केलं होतं. पण ते काम पूर्णवेळ नव्हतं. एनबीएमध्ये पूर्णवेळ, पगारी सहायक प्रशिक्षक झालेली पहिली महिला म्हणजे बेकी हॅमन. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना ‘पूर्णवेळ’ हा शब्द महत्त्वाचा.

२०१५ मध्ये लास वेगासच्या समर लीगमध्ये तिला स्पर्सच्या तरुण संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं. अंतिम सामन्यात फिनिक्स सन्सला ९३-९० असं हरवून तिने स्पर्धाच जिंकली. समर लीगचं विजेतेपद मिळवणारीही ती पहिलीच महिला प्रशिक्षक.

मग मुख्य प्रशिक्षकपद का मिळालं नाही?

बेकीने स्पर्ससोबत आठ हंगाम काढले. या काळात मुख्य प्रशिक्षकपदासाठी तिचं नाव वारंवार चर्चेत आलं. २०१८ मध्ये मिलवॉकी बक्सने तिची मुलाखत घेतली. २०२१ मध्ये पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सच्या शेवटच्या काही उमेदवारांत ती होती, पण पद गेलं चॉन्सी बिलअप्सकडे.

मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नाही, हा तिच्या विरोधातला नेहमीचा मुद्दा. पण असा अनुभव नसलेल्या पुरुषांना एनबीएमध्ये संधी मिळालेली आहे. बिलअप्स स्वतः त्याआधी एका हंगामापुरतेच सहायक प्रशिक्षक होते. अर्थात प्रत्येक निवडीमागे संघाची गणितं वेगळी असतात. तरीही सात वर्षांचा अनुभव असलेली सहायक मागे राहते आणि एका वर्षाचा अनुभव असलेला पुढे जातो, तेव्हा प्रश्न विचारला जाणारच.

लास वेगासचा निर्णय

३१ डिसेंबर २०२१ रोजी बेकीने वाट बदलली. डब्ल्यूएनबीएच्या लास वेगास एसेस संघाने तिला मुख्य प्रशिक्षक केलं. हा करार वर्षाला सुमारे १० लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. या लीगमधल्या कोणत्याही प्रशिक्षकासाठी ही रक्कम तेव्हा न ऐकलेली होती. गंमत म्हणजे बेकी ज्या सॅन अँटोनिओ संघाकडून खेळली, तोच संघ २०१८ मध्ये लास वेगासला हलून ‘एसेस’ झाला होता.

एसेसकडे ए'जा विल्सन, केल्सी प्लम, चेल्सी ग्रे, जॅकी यंग अशा एकाहून एक खेळाडू होत्या. पण संघ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके फार कमी खेळायचा. बेकीने हे बदललं. खेळाडूंना मैदानभर पसरवलं, वेग वाढवला, लांबून मारायची मोकळीक दिली. एरवी लांबून क्वचितच मारणारी विल्सनही थ्री-पॉइंटर मारू लागली.

पहिल्याच हंगामात, २०२२ मध्ये, एसेसनी कनेटिकट सनला ३-१ ने हरवून आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. बेकी त्या वर्षीची सर्वोत्तम प्रशिक्षक ठरली.

२०२३ मध्ये एसेसनी नियमित हंगामातले ४० पैकी ३४ सामने जिंकले. अंतिम फेरीत समोर बेकीचा जुना संघ न्यूयॉर्क लिबर्टी होता. चौथ्या सामन्याआधी ग्रे आणि किया स्टोक्स या दोन प्रमुख खेळाडू जखमी झाल्या. राखीव खेळाडूंना घेऊन, तेही लिबर्टीच्या घरच्या मैदानावर, एसेसनी सामना ७०-६९ असा एका गुणाने जिंकला. सलग दोन विजेतेपदं मिळवणारा संघ लीगने २००२ नंतर पहिल्यांदाच पाहिला.

२०२५ चा हंगाम तर आणखी अवघड गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला मिनेसोटा लिंक्सने एसेसना ५३ गुणांनी धुतलं. तेव्हा एसेसची नोंद होती १४ विजय, १४ पराभव. त्यानंतर नियमित हंगामातले उरलेले १६ च्या १६ सामने त्यांनी जिंकले आणि अंतिम फेरीत फिनिक्स मर्क्युरीला ४-० ने नमवलं. चार वर्षांत तिसरं विजेतेपद!

वादाचा डाग

ही कारकीर्द निव्वळ कौतुकाची नाही. जानेवारी २०२३ मध्ये एसेसनी डिअरिका हॅम्बी या खेळाडूला लॉस एंजेलिस स्पार्क्सकडे पाठवलं. आपण गरोदर असल्यामुळे आपल्याला वाईट वागणूक मिळाली, असा आरोप हॅम्बीने केला. लीगने चौकशी केली. गरोदरपणाबद्दल केलेल्या वक्तव्यांमुळे नियमभंग झाल्याचं सांगत मे २०२३ मध्ये बेकीवर दोन सामन्यांची बिनपगारी बंदी घालण्यात आली. हॅम्बीला गरोदरपणामुळे दुसऱ्या संघाकडे पाठवल्याचा आरोप बेकीने फेटाळला. २०२४ मध्ये हॅम्बीने न्यायालयात धाव घेतली.

महिला खेळाडूंसाठी दार उघडणारी म्हणून जिच्याकडे पाहिलं जातं, तिच्यावरच असा ठपका यावा, हे अनेकांना खटकलं. तिच्याबद्दल बोलताना हा भाग वगळता येत नाही.

तिच्यामागून कोण आलं?

बेकीच्या नेमणुकीनंतर एनबीएच्या बाकांवर महिला दिसू लागल्या. २०१५ मध्ये नॅन्सी लीबरमन सॅक्रामेंटो किंग्जमध्ये आल्या. न्यूयॉर्कमध्ये बेकी जिच्या जागी राखीव म्हणून उतरायची, ती तेरेसा वेदरस्पून पुढे न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सची सहायक प्रशिक्षक झाली. एसेसमध्ये बेकीच्या हाताखाली काम केलेली नताली नाकासे २०२४ मध्ये गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज या नव्याकोऱ्या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली आणि पहिल्याच हंगामात, २०२५ मध्ये, लीगची सर्वोत्तम प्रशिक्षक ठरली.

ऑगस्ट २०२३ मध्ये बेकीचा नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याच दिवशी, त्याच यादीत पोपोविचही होते.

एनबीएमध्ये ३० संघ आहेत. बेकीच्या २०१४ च्या नेमणुकीपासून २०२५ च्या अखेरपर्यंत त्यातल्या अनेक संघांनी कित्येकदा प्रशिक्षक बदलले. त्यात कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून एकाही महिलेचं नाव नाही.