परसातल्या वाफ्याची बखर

इतिहास हा विषय राजेलोकांच्या हाती गेल्यामुळे भाजीपाल्याचे फार नुकसान झाले आहे. लढाई कोणत्या साली झाली हे शाळेतल्या पोराला पाठ असते. पण लढाईच्या आदल्या रात्री सैन्याने कसली भाजी खाल्ली आणि ती कोणाच्या मळ्यातून न विचारता उपटून आणली, हे कोणी लिहून ठेवत नाही. उदगीरची लढाई १७६० सालची, एवढे आम्हांला ठाऊक. त्या साली उदगीरच्या माळ्यांची वांगी कशी आली होती, याबद्दल सगळे बखरकार चिडीचूप!

आम्ही लातूरकर तसे इतिहासाच्या बाबतीत भलतेच मानी. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, आणि ते लट्टलूर म्हणजे आमचे लातूर असे बरेच पंडित मानतात. मात्र या राजांनी राजधानी थाटली ती मान्यखेटाला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला. का, यावर विद्वानांची निरनिराळी मते असतील. आमच्या गल्लीचे मत एकच आहे : पाण्यासाठी! शिवाय याच राष्ट्रकूटांच्या काळचा एक तलाव नांदेड जिल्ह्यात कंधारला आहे. त्याचे नाव ‘जगत्तुंग समुद्र’. हाही पुरावाच समजा. लातूरच्या माणसाला तलाव दिसला की तो त्याला समुद्रच म्हणणार. मग तो माणूस राजा का असेना.

असो. सांगायचा मुद्दा हा की, उन्हाळ्यात परसातली माती भेगाळून पडली, की मी पुढच्या हंगामाचा बेत करायला बसतो आणि त्यासाठी आधी इतिहास वाचतो. भाजी लावणाऱ्याला इतिहासासारखा दुसरा आधार नाही. आपल्या आधी केवढी मोठी माणसे वाफ्याकाठी डोक्याला हात लावून बसली होती हे कळले, की बरे वाटते.

त्यात पहिला धक्का बसतो तो मिरचीचा. जिला आपण छाती काढून ‘गावरान’ म्हणतो, ती मुळात अमेरिकेची. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. आता पाहा, अरणचे सावता माळी समाधिस्थ झाले १२९५ मध्ये. आणि त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात कांद्या-मुळ्याच्या पंगतीला मिरचीही येऊन बसलेली! म्हणजे मधल्या शतकांत कोणा गाणाऱ्याच्या तोंडून ती अभंगात शिरली असावी. माझ्या मते यात त्या गाणाऱ्याला बोल लावू नये. मिरचीवाचून भाजीला भाजी न म्हणणारी आम्ही माणसे; अभंग तरी अळणी कसा ठेवणार?

बटाटा आणि टोमॅटो तिकडचेच. कोबी युरोपातला. ‘बटाटा’ आणि ‘कोबी’ ही नावेसुद्धा पोर्तुगीजांकडून घेतलेली. वांगे मात्र अस्सल आपले, पण त्याचीही तऱ्हा ऐका. संस्कृतातले वातिंगण इराणात जाऊन बादिंजान झाले, अरबांच्या हाताने पोर्तुगालला पोचले आणि इंग्रजाच्या तोंडी ‘ब्रिंजल’ होऊन घरी परत आले. नातेवाइकांचा एखादा मुलगा परदेशी जाऊन येतो आणि नाव बदलून येतो, तसे. पण भरल्या वांग्याच्या पातेल्यात पडले की सगळा साहेबीपणा उतरतो.

तर परका आणि आपला हा भेद मातीला कळत नाही, हा इतिहासाचा पहिला धडा. तिला एवढेच कळते, की पाणी आहे किंवा नाही.

दुसरा धडा बाबर बादशहाचा. १५२६ मध्ये पानिपत जिंकून हा गृहस्थ दिल्ली-आग्र्याला आला आणि आठवणी लिहिताना त्याने तक्रारींचा पाढा वाचला. इथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही! राज्य मिळाले त्याचे काहीच नाही. खरबूज नाही म्हणून जीव कासावीस. पण माणूस रडत बसला नाही. आग्र्याला बाग केली, तीत द्राक्षे आणि खरबुजे पिकवली, आणि त्याचा आनंदही तितक्याच मनापासून लिहून ठेवला. तात्पर्य, तक्रार जरूर करावी. पण तक्रार संपली की आळे करावे.

तिसरा धडा अमेरिकेच्या जेफरसन साहेबांचा. हे पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष झाले. पण १७६६ पासून १८२४ पर्यंत त्यांनी बागेची वही ठेवली होती. कोणते बी कधी पेरले, कधी उगवले, पानात कधी पडले, सगळे तीत टिपलेले. आणि जे उगवले नाही तेही! जगाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून देणारा माणूस आपल्या वहीत ‘हे गेले, ते मेले’ असे निमूट लिहितो, हे मला फार थोर वाटते. मीही एका विमा एजंटाने दिलेल्या डायरीत अशा नोंदी ठेवतो. सौ. म्हणते, ‘‘तुमच्या डायरीत भाजीपेक्षा शेळ्याच जास्त चरतात.’’ जे घडले ते लिहायचे, इतिहासकाराने दुसरे काय करावे?

आता घरचा इतिहास. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना सुकडी आणि मिलो हे दोन शब्द अजून आठवतात. मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला कामावर होती आणि त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ निघाले. विहिरी कोरड्या असताना शेतीचे विद्यापीठ काढायला छाती लागते! त्याच विद्यापीठाने पुढे ऐंशीच्या दशकात भेंडीची एक जात दिली. भेंडीला केवडा रोग होतो, पाने पिवळी पडतात आणि झाड हातचे जाते. ही जात त्या रोगाला पुरून उरली. तिचे नाव ‘परभणी क्रांती’. जगात क्रांत्या पुष्कळ झाल्या. पण काचऱ्या करून, परतून, भाकरीबरोबर खाता आली अशी ही एकच.

या क्रांतीचे आमच्या घराण्यातले पुढारी म्हणजे माझे नांदेडचे मेहुणे. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा बंधारा आहे, शेजारी अर्धापूरला केळीच्या बागा आहेत. त्यामुळे मेहुण्यांचा हात बागेच्या बाबतीत सढळ. फोनवर ते आधी आपल्या भेंडीची खुशाली सांगतात आणि मग बहिणीची विचारतात. ‘‘दाजी, औंदा दोडका इतका आलाय की वाटून वाटून दमलो,’’ हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना लातूरच्या माणसाला काय होते, ते लातूरच्या माणसालाच ठाऊक.

कारण आमच्या इतिहासात २०१६ साल आहे. मांजरा धरण आटले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी नको म्हणून १४४ कलम लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर पाहुणा येतो हे आम्ही पाहिले होते. पाणी येते हे पहिल्यांदा पाहिले.

त्या उन्हाळ्यात आमच्या परसात एकच झाड जगवायचे ठरले. त्यावर घरात मतदान झाले. मुलाचे मत पेरूला, माझे शेवग्याला आणि सौ.चे कढीपत्त्याला. कढीपत्ता निवडून आला. लोकशाहीत असे होते. त्याच्यासाठी तांदूळ धुतलेले पाणी बाजूला काढले जाई. एके दिवशी भांडी घासणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, ‘‘काका, तांदळाचं पाणी झाडाला घालूलालाव व्हय? माझ्या शेळीला द्या की.’’

यावर इतिहासात कुठे उत्तर सापडले नाही. बाबराला शेळी आड आली नव्हती. सौ.ने मात्र पळभरही विचार केला नाही. तांदळाचे पाणी किटलीत भरून मावशींकडे जाऊ लागले आणि कढीपत्त्याला भाजी धुतलेले पाणी सुरू झाले. तेवढ्यावर तो जगला. गल्लीतल्या सगळ्या फोडण्या त्या उन्हाळ्यात त्याच्याच पानांवर निघाल्या. शेळीही जगली. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता एवढा पाऊस झाला, की मांजरा धरण भरले. आणि महिन्याभरात लोक नळाला पाइप लावून स्कूटर धुऊ लागले! आपण इतिहास विसरतो म्हणतात, ते लढायांबद्दल नसावे.

तेव्हा पुढच्या वर्षीचा बेत मी या बखरीच्या आधाराने आखला आहे. वाफा जागेच्या मापाने आखायचा नाही, बादल्यांच्या मापाने आखायचा. आधी घरातून रोज किती बादल्या वापरलेले पाणी निघते ते मोजायचे आणि मगच बी विकत घ्यायचे. मृग लागला की अंबाडी आणि गवार. ही दोन्ही गरिबीत वाढलेली लेकरे, फार मागत नाहीत. कुंपणावर दोडका. मोरीच्या पाण्यावर शेवगा. वांग्यांच्या चार आळ्यांत बुडाला बारीक भोक पाडून, चिंधीची वात घातलेले मडके पुरायचे, म्हणजे पाणी मुळाशीच झिरपते. मातीवर सोयाबीन नाहीतर तुरीचे भुसकट पसरायचे. त्याची लातूरला ददात नाही, आणि त्याखाली ओल टिकते. कोबी-फ्लॉवर बाजारातूनच आणायचा.

हा बेत मेहुण्यांना फोनवर वाचून दाखवला. चार दिवसांनी परभणी क्रांतीची पुडी आली. सोबत चिठ्ठी : ‘दाजी, बी धाडलंय. पाण्याचं तुम्ही बघा.’

म्हणून डायरीत रोजचा हिशेब नव्याने मांडला आहे. एकूण बादल्या सहा. वांग्यांना दोन, अंबाडी-गवारीला एक, दोडक्याला एक, मेहुण्यांच्या क्रांतीला एक. सहावी सौ.ने माझ्या हातून पेन घेऊन स्वतः लिहिली : ‘मावशींची शेळी.’ मूळ शेळी आता नाही. पण तिची नात आहे, आणि ती अंबाडीवरही नजर ठेवून आहे.