आण्णांची जीप

आम्ही लहान होतो तेव्हा वडवणीला रेल्वे नव्हती, तालुक्याचा मानही नव्हता. बीड-परळी रस्त्यावरचं गाव. एसटी गेली की मग जीप. ज्वारीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, अडल्यानडल्याचा आजारी माणूस, सगळं जीपमधूनच बीडला जायचं. १९८० नंतर कधीतरी आण्णांनी दोन एकर गहाण टाकून अशीच एक जुनी जीप घेतली.

ती मूळची पेट्रोलची. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या घराण्यातली. पेट्रोल जीप अडली की कार्बोरेटर खोलायचा, जेटमध्ये तोंडानं फुंकर मारायची, की झालं. पण १९७३ला जगात तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल परवडेना. मग कितीतरी जीपांच्या पोटातलं पेट्रोल इंजिन निघालं, डिझेल बसलं. पुढं महिंद्रांच्या इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोच्या धर्तीची डिझेल इंजिनं होऊ लागली. आमच्या जीपमध्ये त्यातलंच एक कुणीतरी बसवलेलं होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की तिच्यात डिझेल फवारताच ते आपोआप पेटावं. सगळी मदार पंपावर आणि नोझलवर. रुडॉल्फ डिझेलच्या पहिल्या इंजिनांना तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. जर्मनीत बॉशनं १९२७ साली तेलाचा पंपच कारखान्यात बनवायला घेतला आणि डिझेल छोट्या गाडीत मावलं. आपल्याकडं १९५१ साली निघालेली मायको कंपनी हे पंप बनवायची. पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट दोन-चार मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. त्यात पाणी, धूळ गेली की खेळ खलास. अन् आमच्याकडं डिझेल यायचं बॅरलमधून, धोतराच्या फडक्यानं गाळून.

एका पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं. गाडी पांढरा धूर सोडायला लागली. टाकी धुतली, फिल्टर बदलला, एअर काढली, गाडी नीट झाली. पण आण्णांनी धसका घेतला. त्यांनी टाकीच्या झाकणावर मेणकापड चढवून वरून ट्यूबचं रबर करकचून आवळलं. “आता थेंब जात न्हाई,” म्हणाले.

त्यानंतर नवीनच खोड लागली. आठ-दहा किलोमीटर गेलं की गाडी गचके खाऊन बंद. अर्धा तास थांबलं, हातपंप मारला, की पुन्हा चालू. सगळे म्हणाले, पंप गेला. आण्णांनी मामू मिस्त्रीला न दाखवता पंप उतरवून शहरात नेला. त्यासाठी एक गाय विकली. पंप परत बसवला, तरी तेच.

अशात एका रात्री मोठ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, बीडला न्या. ३५-३६ किलोमीटरचा रस्ता. जीप तीनदा बंद पडली. मी कंदील धरायचो, आण्णा हातपंप मारायचे, आत वहिनी ओरडायची. घाटसावळीच्या पुढं ती ओरडायची थांबली. दवाखान्यात वहिनी वाचली. पोर गेलं.

चार दिवसांनी मामू आला. आधी त्यानं इंजिन चालू ठेवून चारी नोझलचे नट एकेक करून सैल केले. प्रत्येक नट सोडला की इंजिन सारखंच दबायचं. म्हणाला, “नोझल चारी चांगले हायेत. माल मागूनच कमी येतोय.” मग मला जवळ बोलावलं. “पोरा, पाटाचं पाणी सरीला पोचंना तर सरीत काय बघायचं? आधी हिरीवर जावं.”

त्यानं रबर सोडलं, मेणकापड काढलं आणि झाकण फिरवलं. टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढून घेतली.

झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल जितकं बाहेर जाईल तितकी हवा त्यातून आत यावी लागते. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पंपाला तेल ओढवत नाही. गाडी उभी राहिली की कुठून ना कुठून हवा शिरते, म्हणून ती पुन्हा चालू व्हायची. पंपाला काहीच झालेलं नव्हतं.

मामूनं ते मेणकापड घडी करून खिशात घातलं. इतक्यात आण्णा आले.

“काय निघालं, मामू?”

“लाईनीत कचरा व्हता. निघाला.”

जाताना मला एवढंच म्हणाला, “आण्णाला सांगू नको. गाडी चालती आता.”

पुढं ती जीप बारा वर्षं चालली. आण्णा कुणाच्याही अडल्या बाईला रात्री-अपरात्री बीडला न्यायचे, भाडं घ्यायचे नाहीत. झाकणाचं कापड कुठं गेलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. आता आण्णा नाहीत, मामूही नाही. म्हणून लिहितोय.