दुसऱ्या फळीचं पान

सुरतेला डिंडोलीत माझी बहीण राहते. भाचा आठवीत. घरात अहिराणी, शाळेत गुजराती आणि पोकेमॉनचे पत्ते काढून बसला की तिसरीच भाषा: एनर्जी, बेंच, प्राइझ, अटॅकर. 2024च्या दिवाळीत गेलो तेव्हा पलंगावर त्याचे एकोणसाठ पत्ते मांडलेले होते आणि दोन हातात होते. डेक साठचाच लागतो, म्हणजे दोघांतल्या एकालाच जागा. एका हातात 'चारिझार्ड एक्स'ची तिसरी प्रत, दुसऱ्यात 'रेडियंट चारिझार्ड'. "मामा, पहिला चारिझार्ड मेला की पुढं कोणाला आणू? तुम्ही सांगा," असं त्यानं विचारलं, जसं काही मला त्यातलं कळतंच.

उत्तर दाजींनी दिलं. ते संचा खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, रात्रपाळी करून नुकतेच उठले होते. पत्त्यांकडे न बघताच म्हणाले, "हुकूम राखून ठेव."

भाच्यानं कपाळाला हात लावला. मला मात्र वाटलं, राखीव अटॅकरची, म्हणजे पहिला पडल्यावर पुढं येणाऱ्या पत्त्याची, वंशावळ इथूनच सुरू करावी.

दाजींचा हुकूम मेंढीकोटातला. खानदेशातून सुरतेला येणारी ताप्ती लाइन ज्यानं केली आहे, त्यानं हा खेळ गाडीत पाहिलेलाच असतो: चार जणांच्या गुडघ्यांवर ताणलेला टॉवेल, वर बावन्न पत्ते, आणि बाजूला उभं राहून फुकट सल्ले देणारे दोघं. समोरासमोर बसलेले भिडू. हात किती केले यापेक्षा दश्श्या किती मारल्या याला भाव. चारही आल्या की मेंढीकोट. बंद हुकमात एक जण आपल्या हातातलं एक पान पालथं टाकतो, त्याचा रंग तो हुकूम. कट हुकमात सुरुवातीला हुकूमच नसतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो, तो जे पान टाकेल त्या रंगाचा हुकूम होतो. आपल्या भाषेत 'हुकमी एक्का' हा शब्द रूढ झाला, पण गाडीतला खेळाडू भितो तो हुकमाच्या दुर्रीला. एक्का कुठं आहे याचा सगळ्यांना अंदाज असतो. दुर्री अकराव्या हाताला निघते आणि आरामात चाललेली दश्शी कापून नेते.

हा 'हुकूम' शब्द पत्त्यांत आला तेव्हा त्याचा अर्थ थोडा निराळा होता. हिंदुस्थानात गंजिफ्याचा जुना उल्लेख बाबराच्या आठवणींत सापडतो: 1527 साली त्यानं सिंधमधल्या शाह हुसेनला गंजिफा पाठवला. पुढं या खेळाची आपल्याकडची शाखा सावंतवाडीत रुजली. तिथले चितारी आजही दशावतारी गंजिफा रंगवतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण 120 गोल पानं. निम्म्या अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. एक रंग दुसऱ्याला कापतो हा प्रकार त्यात नाही. हुकूम म्हणजे त्या त्या रंगात शिल्लक राहिलेलं सर्वांत मोठं पान. राजा गेला की प्रधान हुकूम, प्रधान गेला की त्याच्या खालचं पान. म्हणून काय काय पडलं ते ध्यानात ठेवणारा जिंकतो. हातातलं मधलं पान सकाळी कवडीमोलाचं असतं. वरची दोन-तीन पडली की तेच राज्य करतं.

माझ्या मते राखीव अटॅकरचा खरा पूर्वज हा आहे. कापणारा रंग नंतर आला, बावन्न पानांच्या युरोपीय पत्त्यांबरोबर. हिंदीतला 'तुरुप' डचांच्या 'ट्रूफ'वरून आला असं व्युत्पत्तिकार सांगतात. डचांची वखार सतराव्या शतकात सुरतेत होती, आणि 'होर्टुस मलाबारिकुस' हा केरळच्या वनस्पतींवरचा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या फान रेडेची कबर अजून सुरतेत आहे. तो शब्द याच वखारीतून शिरला असं मी म्हणत नाही. पण त्या दफनभूमीवरून जाताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

मधल्या पिढीचं, म्हणजे आमचं, फार सांगण्यासारखं नाही. नव्वदच्या दशकात आम्ही कुस्तीगिरांची आणि क्रिकेटपटूंची कार्डं खेळलो: उंची, वजन, छाती, रँक. वरचं कार्ड तेच तुमचं नशीब. राखून ठेवायला काही नव्हतंच, त्यामुळे शहाणपणालाही वाव नव्हता.

मोठी उलथापालथ 1993 साली झाली. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञानं 'मॅजिक: द गॅदरिंग' काढला आणि पत्ते वाटायचेच बंद केले. आपला डेक आपणच घरून बांधून आणायचा. तोवर पिसण्यात आणि वाटण्यात जे ठरायचं, त्यातलं बरंच आता आदल्या रात्री पलंगावर ठरू लागलं. 'मॅजिक'च्या स्पर्धांत डेकबाहेर पंधरा पत्त्यांचा 'साइडबोर्ड' ठेवता येतो. पहिला डाव झाला की समोरच्याला पाहून त्यातले आत घ्यायचे. 1996च्या ऑक्टोबरात जपानमध्ये आलेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांनी ही सोय ठेवली नाही. राखीव जे काही ते साठाच्या आतच. म्हणजे जो पत्ता दहातल्या तीनच डावांत उपयोगी पडेल, तो उरलेल्या सात डावांत जागा अडवून बसणार. भाच्याच्या हातातल्या दोन पत्त्यांचं दुखणं इथलं आहे.

या खेळाची रचनाच राखीव माणूस मागणारी. पुढं एकच पोकेमॉन लढतो, मागं बेंचवर जास्तीत जास्त पाच. पुढचा पडला की बेंचवरचा पुढं सरकतो; बेंच रिकामा असेल तर डाव तिथंच संपला. बहुतेकांना कुठल्या तरी जातीची कमजोरी, त्या जातीचा मार दुप्पट बसतो. साहजिकच 1999 साली अमेरिकेत पत्ते पोचल्यावर जो डेक गाजला, तो एका राक्षसावर उभा नव्हता. त्याचं नाव 'हेमेकर'. त्यात हिटमॉनचॅन आणि इलेक्टाबझ, पुढं सायथर. तिघंही सत्तर एचपीचे, म्हणजे सत्तरचा मार बसला की पडणारे, बाल्यावस्था-प्रौढावस्था असली भानगड नसलेले, हातात आले की थेट खाली ठेवता येणारे.

जरा जवळून पाहू. हिटमॉनचॅनचा 'जॅब' एका एनर्जीत, म्हणजे त्याला जोडलेल्या एकाच एनर्जी-पत्त्यावर, वीसचा मार देतो. पहिल्या फेरीपासून तो ठोसे मारत सुटतो. त्या काळचा मोठा शत्रू शंभर एचपीचा ब्लास्टॉइज, पाण्यातला, आणि विजेला कच्चा. इलेक्टाबझ विजेचा. त्याचा 'थंडरपंच' तीसचा, नाणं चांगलं पडलं तर चाळीसचा. ब्लास्टॉइजवर तो साठ नाहीतर ऐंशी होऊन बसतो. मग समोरचाही हिटमॉनचॅन घेऊन यायला लागला. त्याला उतारा सायथर: फायटिंग जातीच्या मारातून तीस वजा करणारा. वीसच्या जॅबमधून तीस गेले की खाली काहीच उरत नाही. शिवाय सायथरला मागं घ्यायला एनर्जी लागत नाही. तिघांत मुख्य कोण, राखीव कोण, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरे.

पुढं राखीव पत्त्याची किंमत वेगळ्या नाण्यात मोजली जाऊ लागली. 2003 पासून 'एक्स' पोकेमॉन आले: दणकट, पण मेले की समोरच्याला एकाऐवजी दोन बक्षिसं. 2019च्या 'टॅग टीम'नं तर तीन दिली. सहा बक्षिसं घेतली की डाव जिंकला. 2012 साली 'म्यूटू ईएक्स' आला तेव्हा जवळपास प्रत्येक डेकमध्ये तो राखीव म्हणून बसला. कोणत्याही एनर्जीवर चाले, दुहेरी एनर्जीचा एकच पत्ता लावला की मारायला तयार. आणि समोरच्याच्या एनर्जीही मोजून मारे. त्याची कमजोरी त्याच्याच जातीची, म्हणून म्यूटूवर इलाज म्यूटूच. दोघांकडे तोच राखीव! मला हा काळ कंटाळवाणा वाटतो. राखीव पान सगळ्यांकडे सारखंच असेल तर ते राखायचं कशाला?

भाच्याचा 'चारिझार्ड एक्स' 2023चा, 330 एचपीचा. 180चा मार, आणि समोरच्यानं घेतलेल्या प्रत्येक बक्षिसामागं आणखी तीस. असे तीन पाडले की दोन-दोन-दोन, सहा बक्षिसं, खेळ खलास. 'रेडियंट चारिझार्ड' 160 एचपीचाच, मेल्यावर बक्षीस एक, आणि रेडियंट जातीचा पत्ता डेकमध्ये एकच ठेवता येतो. त्याच्या 250च्या हल्ल्याला पाच एनर्जी लागतात. पण समोरच्यानं घेतलेल्या प्रत्येक बक्षिसामागं एक एनर्जी माफ. दोन 'एक्स' गमावले की समोरच्याची चार बक्षिसं झाली, रेडियंटला उरली एक आग. तो लागोपाठ मारू शकत नाही, मध्ये एक फेरी दम खातो. पण त्यालाही पाडलं तरी दोन, दोन, एक म्हणजे पाचच. सहाव्यासाठी समोरच्याला चौथा बळी शोधावा लागतो.

राजा-प्रधान गेल्यावर मोल येणारं मधलं पान, तसंच हे. मी हे बोलून दाखवलं. दाजी म्हणाले, "तेच सांगितलं ना मी."

त्याच आठवड्यात फोनवर 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' आला होता: वीस पत्त्यांचा डेक, बेंचवर तीन, तीन गुणांत निकाल. भाच्यानं एक डाव खेळून दाखवला. एक 'एक्स' मेला की दोन गुण गेले, त्यामुळे मागं उभा असलेला साधा गडी तिथं पहिल्या मिनिटापासून हिशेबात येतो. पाच मिनिटांत डाव आटोपला. मला साठचाच बरा वाटला.

शेवटी ठरलं ते रेडियंट. पण त्याच्याकडचा रेडियंट होता कोपऱ्यावरच्या दुकानातला, दोरीला लटकलेल्या पाकिटातला, सोनेरी चकाकणारा आणि साफ नकली. इतर पत्त्यांपेक्षा जाडही. पिसताना बोटांना कळतो. सरावापुरतं काहीतरी हवं म्हणून त्यानं कपाटातून साध्या पत्त्यांचा जोड काढला, चौकटची दुर्री उचलली, तिच्यावर स्केचपेननं 'आर. चारिझार्ड, 250' लिहिलं आणि प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली.

रात्री जेवणं झाल्यावर शेजारचे दोघं आले आणि दाजींनी मेंढीकोट मांडला. वाटून झालं. माझ्या हातात तेरा, शेजाऱ्यांच्या हातात तेरा-तेरा. दाजींनी आपली पानं दोनदा मोजली आणि आतल्या खोलीकडे बघत ओरडले, "अरे, माझं एक पान कमी कसं?"