रोगणाखालचं नाव

जळकोटच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीला टेकून एक आरशाचं कपाट उभं आहे. घरात त्याला सगळे 'आईने की अलमारी' म्हणतात. खाली तीन खण, त्यावर पसरट फळी, मधोमध लंबगोल आरसा आणि आरशाच्या दोन्ही अंगांना अरुंद दारं. आरशाचा पारा कडेनं उडाला आहे. रंग हिरवा, आणि तोही एकसारखा नाही. हात लागतो तिथं काळपट, न लागतो तिथं चकचकीत.

गेल्या उन्हाळी सुट्टीत माझी भाची लातूरहून आली. तिनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. असंच जुनं कपाट, पण पांढरंशुभ्र रंगवलेलं, खणांना पितळी मुठी. "फुफू, अपन भी ऐसा करेंगे." भावाचं मत निराळं. त्याच्या ओळखीच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, सगळा रंग खरवडून मूळ सागवान दाखवा, मग भाव बोलतो. अम्मी मात्र पलंगावरूनच म्हणाली, "रंग देना है तो देव, खुरचो नक्को."

मी शाळेत मुलांना इतिहास शिकवते, पण घरातल्या लाकडाच्या इतिहासाकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं ते अम्मीच्या त्या 'नक्को'मुळं.

रंग द्यायचा तर पृष्ठभाग घासावा लागतोच. गल्लीतले पेंटरचाचा आले आणि म्हणाले, आधी दाराच्या आतल्या बाजूला थोडं करून पाहू. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवला, तर हिरव्याखाली अस्मानी निघाला. अस्मानी खपल्याखपल्यानं सुटायला लागला. चाचांनी बोटानं चाचपलं आणि हसले. "इसको अस्तरच नै मारे." म्हणजे चपडीच्या गुळगुळीत पॉलिशवर कुणीतरी अस्तर न लावता सरळ तेलरंग फासला होता. पॉलिशवर रंगाला धरायला जागा नसते, म्हणून तो सुटतो. वर ओघळही होते. हे काम कारागिराचं नव्हतं, घाईत असलेल्या घरच्या माणसाचं होतं. त्या खपल्यांखाली लाल-सोनेरी फुलांची वेल होती, आणि वेलीच्या मध्ये उर्दू अक्षरं.

अक्षरांकडं येण्याआधी थोडं विषयांतर करते, कारण चाचा काम करताना जे शब्द वापरत होते त्यांनी मला थांबवलं. रोगण, अस्तर, सफेदा, जंगाल, रंधा, पेच, नक्षी. हे सगळे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. रोगण म्हणजे फारसीत तेल, अस्तर म्हणजे आतला थर. कुलूप अरबी 'कुफ्ल'चं रूप, संदूकही अरबीच. अलमारी मात्र पोर्तुगीज, आणि बिजागरीही. कपाट संस्कृत, खण आपला मराठी. आमच्या एका कपाटात एवढ्या भाषा नांदतात. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारातले पुष्कळ शब्द बदलले. पण सुताराचा रंधा रंधाच राहिला, रंगाऱ्याचं रोगण रोगणच राहिलं. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव ज्यूलियनांनी, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो चाळताना कळतं की अशी किती हत्यारं आणि किती वस्तू आपण रोज मराठी म्हणून हाताळतो. आम्हाला 'तुमची भाषा कोणती' असं विचारणाऱ्यांना मी आता या कपाटाकडं बोट दाखवते.

भाचीला वाटत होतं की जुन्या लाकडाला रंग देणं म्हणजे आजची टूम. व्यापाऱ्याला वाटत होतं की रंग म्हणजे लाकडावरचा अपमान. दोघांचंही बरोबर नाही. आपल्या या मुलखात लाकूड रंगवण्याची, सजवण्याची परंपरा जुनी आहे. उदगीरवरून बीदरला जाणं आम्हाला नवं नाही. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. बीदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. सोळाव्या शतकात अली बरीदशहानं तो सजवला. तिथले कोरीव लाकडी खांब आजही उभे आहेत, आणि आत काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आहे. बीदरजवळच अष्टूरला १४३६ साली वारलेल्या अहमदशहा वली बहमनीची कबर आहे. तिच्या घुमटाच्या आत रंगांची आणि सोनेरी अक्षरांची जी दाटी आहे, ती पाहून आमच्या सहलीतली मुलं मान वर करून गप्प उभी राहिली होती. दंगा करणारा वर्ग एवढा शांत मी दुसरीकडं पाहिला नाही.

नांदेडहून भोकर, भैंसा करत पुढं गेलं की निर्मल लागतं. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातलं हे गाव लाकडी खेळणी आणि रंगकामासाठी नावाजलेलं आहे. तिथले कारागीर नक्काश म्हणवतात. हलक्या पांढऱ्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांनी जोडायचे, वर खडूचा पांढरा लेप, मग रंग. पुढं त्यांनी ड्यूको रंग उचलला, जो मुळात १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी निघाला होता. परंपरा म्हणजे जुनं तेच धरून बसणं, असं नक्काशांनी मानलं नाही.

चिंचोक्याची हीच खळ दुसऱ्या टोकाला कोकणात सावंतवाडीला भेटते. तिथल्या चिताऱ्यांचं लाखकाम आणि गंजिफा प्रसिद्ध आहेत. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद खुद्द त्याच्या आठवणींत आहे. मोगली गंजिफात आठ रंगांची ९६ पानं. तोच खेळ आपल्याकडं आला आणि दशावतारी झाला, दहा अवतारांची १२० पानं! बादशहाच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह बसले आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ही कला विसाव्या शतकात जवळजवळ विझली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जुन्या चिताऱ्यांना हाताशी धरून राजवाड्यातच काम सुरू केलं. पानांवरची तीच वेलबुट्टी चौरंगांवर, पेट्यांवर, खुर्च्यांवर, मेजांवर उतरली. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या; काम चालू आहे. म्हणजे लाकडी सामानाला रंगाचा नवा साज चढवून आख्खी कला वाचवता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे.

आता अक्षरांकडं येते. खालच्या ओळीत आकडे होते : १३४१ फ. हे फसली साल. निजामाच्या राज्यात कारभार फसली सालावर चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणजे १९३१-३२. विकाराबाद-बीदर-परळी रेल्वे त्याच सुमारास उदगीरवरून धावू लागली होती. कपाट हैदराबादेत बनलं असेल तर उदगीर स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आलं असणार. सागवान बहुधा आदिलाबाद-किनवटच्या रानातलं, कारण या भागात चांगलं सागवान तिकडूनच येई. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं.

आकड्यांच्या वरच्या ओळीत नाव होतं. उर्दू उजवीकडून लिहितात, आणि उजवीकडंच बिजागरीपाशी लाकूड झिजलेलं, त्यामुळं नावाची सुरुवात गेलेली. उरलं होतं एवढंच : '...रुन्निसा बेगम'.

आमच्या दादीचं नाव हे नव्हतं. घराण्यात कुणाचंच नव्हतं.

मी अम्मीला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग दादीकडून ऐकलेलं तिनं सांगितलं. कपाट विकत घेतलेलं नव्हतं. 'पुलिस एक्शन'च्या दिवसांत एका घरानं ते आमच्याकडं ठेवायला दिलं होतं. "कौन की थे बोलते. हैदराबाद गए सो पलट के आएच नै." आणि दादांनी, ज्यांनी जन्मात कधी कुंचला हाती धरला नव्हता, दार लावून एका संध्याकाळी ते अस्मानी रंगवलं.

सप्टेंबर १९४८ बद्दल आपल्या घरांत पुटपुटत बोलतात, पुस्तकांत त्याहून कमी. रझाकारांनी गावोगाव जे केलं ते विसरून चालणार नाही. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आमच्या लातूरलाच वकिली करत होता. १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईनं निजामाची राजवट संपली आणि इथली माणसं स्वतंत्र भारतात आली. पण त्यानंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुसलमानांनाही झळ बसली. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीनं त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात हा मुलूख पाहिला. तिच्या अंदाजानं २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त फटका बसलेले जिल्हे तिनं चार सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आमचं गाव या बीदर-नांदेडच्या सांध्यावरचं.

दादांनी नाव का झाकलं? लूट म्हणून कुणी बोट दाखवेल, या भीतीनं? की उर्दू अक्षरंच त्या दिवसांत दारात नकोशी झाली होती? की दुसऱ्याचं नाव रोज डोळ्यांसमोर नको होतं? मला तिसरं खरं वाटतं. भांड्यांवर नाव घालणारा आपला समाज. नाव म्हणजे मालकी, आणि मालकी म्हणजे हिशेब. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांनी नाव खरवडलं नाही. खरवडणं सोपं होतं, पाच मिनिटांचं काम. त्यांनी ते रंगाखाली ठेवलं, आणि अस्तर न लावल्यामुळं ते टिकलं. अम्मीचा 'नक्को' तिथून आलेला.

बर्लिनच्या संग्रहालयात 'अलेप्पो खोली' म्हणून लाकडी तक्तपोशी आहे. १६०० ते १६०३ या काळात रंगवलेली, सीरियातल्या हलब शहरातल्या एका ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या घरातली. १९१२ मध्ये ती विकली गेली. ज्याच्यासाठी ती रंगवली त्या ईसा बिन बुत्रुसचं नाव लाकडावर आजही वाचता येतं. घर एका देशात, भिंती दुसऱ्या देशात, पण नाव जागेवर. आमच्याकडं उलट झालं. कपाट जागेवर, नाव गेलेलं.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. भाऊ दोन दिवस रुसला. घराला पैशांची गरज नव्हती असं नाही.

मग रंगकाम. पेंटरचाचांना मी एक गोष्ट निक्षून सांगितली की कोरडं घासायचं नाही आणि जाळायचं तर नाहीच. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा रंग, आणि जुन्या तेलरंगांत शिसं असायचंच. आपल्याकडं घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. अशा रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. आमच्या गल्लीत ईदच्या आधी पोरं हौसेनं खिडक्या घासतात, तोंडाला रुमालही नसतो. म्हणून हे लिहून ठेवते. आम्ही अंगणात जुनं प्लास्टिक अंथरलं, पाणी मारत मारत घासलं, चिखल गोळा करून बांधून टाकला आणि भाचीच्या लहान भावाला तेवढे दिवस नानीकडं धाडलं.

भेगांत लांबी भरली. यावेळी अस्तर मारलं, दोन हात. पांढरा की अस्मानी यावर भाचीशी वाद झाला. शेवटी खण आणि चौकट पांढरी, दारं बाहेरून अस्मानी. दुकानात अस्मानीच्या सतरा छटा होत्या. दादांची खपली मी कागदाच्या पुडीत नेली होती, तिच्याशी ताडून घेतली. आरसा तसाच ठेवला. पितळी मुठी भाचीच्या.

दाराची आतली बाजू मात्र रंगवली नाही. तिथं फक्त मऊ फडक्यानं मेण चोळलं. लाल-सोनेरी वेल थोडी उजळली. भाची इंग्रजी शाळेत शिकते, तिला उर्दू वाचता येत नाही. तिनं अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिलीनं ती उतरवून घेतली, मग मला विचारलं, सुरुवातीला काय असेल? मी म्हटलं, 'र'च्या आधी काहीही असू शकतं. तिनं वही घेतली आणि मी सांगत गेले : मेहरुन्निसा, कमरुन्निसा, बदरुन्निसा, नूरुन्निसा, अख्तरुन्निसा, मुनीरुन्निसा. ती देवनागरीत लिहीत गेली. आठ-नऊ नावं झाल्यावर मी अडले. पुढचं नाव अम्मीनं आतून सांगितलं.