मार्तेलोयोचा तक्ता

सदिशांची बेरीज शिकविताना पाठ्यपुस्तकात आधी बाण येतो, मग ज्या-कोज्यांनी काढलेले त्याचे दोन घटक येतात, आणि ही युक्ती कुणा गणितज्ञाच्या एकांतचिंतनातून निघाली असावी, असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो. वस्तुतः तिचे कुळ भूमध्यसमुद्रावरील खलाशांच्या दफ्तरात सापडते.

व्हेनिसच्या आंद्रेआ बिआंकोने 1436 साली सिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात ‘तोलेता दे मार्तेलोयो’ नावाचा एक तक्ता आहे. होकायंत्राच्या वर्तुळाचे 32 भाग केले असता एकेक भाग सव्वाअकरा अंशांचा होतो. प्रतिकूल वाऱ्याने जहाज इष्ट दिशेपासून असे जितके भाग ढळले असेल, त्या मानाने शंभर मैलांत ते बाजूला किती गेले आणि पुढे किती सरले, याचे आयते आकडे त्यात मांडले आहेत: एका भागास 20 व 98, दोहोंस 38 व 92, तिहींस 55 व 83, चोहोंस दोन्हीकडे 71. हे त्या त्या कोनांच्या ज्या-कोज्यांची सुमारे शंभरपट होत; आर्यभटाने 499च्या सुमारास ग्रहगणितासाठी ज्यांचे कोष्टक दिले, त्या ज्यांचे नावही ठाऊक नसलेल्या सुकाणूधाऱ्याचे काम मात्र बेरीज-वजाबाकी आणि त्रैराशिक यांवर भागत असे.

समजा, जहाज उत्तरेकडून पूर्वेकडे दोन भाग कलून शंभर मैल गेले, नंतर सहा भाग कलून आणखी शंभर; तर उत्तरेच्या रकान्यात 92 आणि 38, पूर्वेच्या रकान्यात 38 आणि 92, म्हणजे दोन्हीकडे 130, आणि जहाज ठीक ईशान्येस सुमारे 184 मैलांवर. दक्षिणेची वाटचाल उत्तरेच्या खात्यातून वजा घालावयाची, जशी रोजकीर्दीत जमेतून खर्चाची रक्कम. सदिशांची वजाबाकी याहून निराळी नाही.

जमिनीवर हीच रीत रिचर्ड नॉरवुडने चालविली. 1633 ते 1635 या काळात लंडन ते यॉर्क हा वळणावळणांचा रस्ता साखळीने, क्वचित पावलांनी, मोजून, प्रत्येक वळणाचा उत्तर-दक्षिण घटक तेवढा वेगळा काढून, अक्षांशाचा एक अंश सुमारे साडेएकोणसत्तर मैलांचा, असा त्याने निर्णय केला. साधने पाहता त्या निर्णयाची अचूकता थक्क करणारी आहे.

दिशायुक्त रेषांच्या बेरजेचे रीतसर गणितही, मला यात नवल वाटत नाही, कास्पार वेसेल या भूमापकानेच मांडले. परंतु 1797 साली वाचलेला तो निबंध डॅनिश भाषेत असल्याने सुमारे शंभर वर्षे अडगळीत पडून राहिला, आणि तेवढ्यात येलच्या गिब्जने 1881 साली विद्यार्थ्यांसाठी सदिशांची टिपणे छापूनही घेतली.