पडद्यावरची मराठी : १९७२ ते १९८२

इतिहासलेखनात दशक ही सोयीची पण फसवी मोजपट्टी आहे. शून्याच्या आकड्यापाशी काळ थांबत नाही, आणि लोकांच्या बोलण्यात, गाण्यात वा अभिरुचीत होणारे पालट पंचांग पाहून होत नाहीत. तथापि काही कालखंड असे असतात की त्यांच्या दोन्ही सीमा घटनांनीच आखून दिलेल्या असतात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून होणारे राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. या दोन तारखांमधील दहा वर्षांकडे मराठी चित्रपट, संगीत आणि दूरदर्शन या तिहींच्या संदर्भात पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

या कालखंडाविषयी आज जे लिहिले जाते त्याचे दोन प्रकार दिसतात. एक स्मरणरंजनाचा : कृष्णधवल पडदा, शेजाऱ्यांच्या घरी जमलेली मंडळी, शनिवारचा मराठी चित्रपट. दुसरा तक्रारीचा : याच काळात मराठी चित्रपट विनोदाच्या नावाखाली द्व्यर्थी झाला आणि प्रभातकालीन परंपरेस ओहोटी लागली. प्रस्तुत लेखकाचा जन्म या दशकाच्या अखेरीचा असल्यामुळे पहिल्या प्रकारच्या आठवणी त्याच्यापाशी नाहीत, आणि दुसऱ्या प्रकारची तक्रार त्याला अपुरी वाटते. भाषेच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या दहा वर्षांत कोणती मराठी, कोणाच्या तोंडून, कोणत्या साधनाद्वारे, कोणापर्यंत पोहोचली? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की सुटी वाटणारी तीन क्षेत्रे एकाच चित्राचे भाग होऊन समोर येतात.

प्रारंभीच १९७२ या वर्षाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. दुष्काळाचे वर्ष म्हणून ते महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. पण याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ पडद्यावर आला. ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि दलित पँथरची स्थापना झाली. याच वर्षी १९६२ च्या चौदा शासनमान्य लेखननियमांत आणखी चार नियमांची भर पडली. एकीकडे लिखित मराठीचे नियमन पुरे होत होते, तर दुसरीकडे आजवर लेखनाच्या उंबऱ्याबाहेर उभी असलेली बोलणी आत येऊ पाहत होती. या लेखननियमांतच या तणावाची एक खूण आढळते. ‘असे केले’, ‘मी म्हटले’ ही रूपे लेखनासाठी. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालावयाची असेल तर ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ ही अनुस्वारयुक्त रूपे, अशी विभागणी नियमांनी मान्य केली. म्हणजे बोलण्याला लेखनात प्रवेश मिळाला, परंतु पात्राच्या तोंडून. दूरदर्शन व चित्रपट ही तर सर्वस्वी पात्रांच्या तोंडची माध्यमे! तेव्हा या फटीतून पुढे काय काय आत आले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम दूरदर्शनाचा विचार करू. मुंबई हे देशातील दुसरे केंद्र. दिल्लीचे १९५९ मध्ये सुरू झाले होते. १९७३ मध्ये पुण्याला सहप्रक्षेपणाची सोय झाली. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मुंबई आणि पुणे यांच्या परिसराबाहेरील बहुसंख्य मराठी भाषकांना या दशकाच्या बहुतेक काळात दूरदर्शन केवळ ऐकून माहीत होते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. यास्तव ‘त्या काळी सर्व महाराष्ट्र दूरदर्शनासमोर बसत असे’ हे विधान इतिहास म्हणून टिकत नाही. जे बसत होते ते मुख्यत्वे दोन शहरांतील व त्यांच्या आसपासचे लोक होते, आणि त्यांतही संच विकत घेण्याची ऐपत असणारे व त्यांचे शेजारी.

अशा मर्यादित प्रेक्षकांपुढे या केंद्राने कोणती मराठी ठेवली? कार्यक्रमांच्या नावांवरूनच पुष्कळ काही उमगते. साहित्यकलाविषयक कार्यक्रमाचे नाव ‘प्रतिभा आणि प्रतिमा’. उभयान्वयी अव्यय वगळता सारे संस्कृत; दोन्ही शब्द अनुप्रासाने बांधलेले. विनोदी नाटुकल्यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘गजरा’ आणि मुलांच्या कार्यक्रमाचे ‘किलबिल’. हे घरातले, अंगणातले शब्द. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाचे नाव मात्र ‘आमची माती आमची माणसं’. ‘माणसे’ नव्हे, ‘माणसं’. शासकीय माध्यमाच्या शीर्षकपट्टीवर बोलण्यातले अनुस्वारयुक्त रूप उघडपणे लिहिले गेले, आणि ते कोणा पात्राच्या तोंडी घातलेले नव्हते. ते संस्थेचे स्वतःचे बोलणे होते. ही घटना लहान आहे, परंतु नियमाने पात्रापुरती मान्य केलेली सूट संस्थेने स्वतःकडे घेतल्याचे हे बोलके उदाहरण होय. मात्र याबरोबरच एक श्रेणीही ध्वनित झाली. कलेसाठी तत्सम, घरासाठी तद्भव व देशी, आणि मातीसाठी बोली, अशी ही वाटणी होती. ती कोणी ठरवून केली असे म्हणता येणार नाही. ठरविल्यावाचून झाली म्हणूनच ती अभ्यासनीय आहे.

दशकाच्या उत्तरार्धातील ‘चिमणराव’ ही मालिका या दृष्टीने आणखी एक दालन उघडते. चिं. वि. जोशी यांच्या कथांतील पुणेरी मध्यमवर्गीय संसार चित्रपटाला नवा नव्हता. १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ येऊन गेला होता. परंतु दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ उभे केले तेव्हा मूळ कथांना चार दशके लोटली होती. जी भाषा एके काळी प्रमाण म्हणून इतरांची बोली हास्यास्पद ठरवीत असे, तीच आता आपल्या जुन्या वळणांमुळे गमतीची झाली होती. ज्या बोलीला स्वतःवर हसू येते तिची सत्ता ढिली झालेली असते, असे समाजभाषाविज्ञानाच्या दृष्टीने म्हणता येईल.

आता चित्रपटाकडे वळू. मुंबई-पुण्याबाहेर, तालुक्याच्या गावी व जत्रेतील तंबूंत, जो मराठी प्रेक्षक होता त्याचे माध्यम चित्रपट हेच होते. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ चा, म्हणजे आपल्या सीमेच्या किंचित अलीकडचा. ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. ‘सोंगाड्या’चे लेखक वसंत सबनीस यांनीच ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिले होते, आणि कोंडके त्याच लोकनाट्यातून पुढे आले. त्यामुळे या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांना केवळ गल्ल्यासाठी केलेली क्लृप्ती मानणे अज्ञानाचे होईल. वगातील सोंगाड्याचे काम मुळातच शब्दाचे दोन अर्थ करण्याचे आहे. राजाने एक म्हणावे आणि सोंगाड्याने त्यातून दुसरेच काढावे, हा त्याचा हक्क. कोंडके हे मुंबईच्या गिरणगावात वाढले, आणि गिरणगाव ही नाना जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेल्या बोली एकमेकींना भेटण्याची जागा होती. अमुक एका तालुक्याची म्हणून सांगता येणार नाही, पण सर्वांना आपली वाटेल, अशी जी ग्रामीण बोली त्यांच्या तोंडी आली, तिचे मूळ तेथे शोधले पाहिजे. तथापि या यशाची दुसरी बाजू नाकारता येत नाही. बोली म्हणजे विनोद, आणि बोली बोलणारा म्हणजे भोळा, हे समीकरण या चित्रपटांच्या अनुकरणाने दृढ झाले.

याच समीकरणाला ‘सामना’ने छेद दिला. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या या चित्रपटाचे लेखन विजय तेंडुलकरांचे आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) ग्रामीण वळणाची मराठी बोलतो. मद्याच्या आहारी गेलेला, एकेकाळचा ध्येयवादी मास्तर (श्रीराम लागू) शिकलेल्या माणसाची मराठी बोलतो. म्हणजे सत्ता बोलीपाशी आहे आणि प्रमाणभाषा निराधाराच्या तोंडी आहे. सहकाराच्या उदयाने महाराष्ट्रातील सत्तेचे केंद्र जे सरकले होते, त्याचे याहून अचूक भाषिक चित्र त्या काळातील कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथात असेल असे मला वाटत नाही. येथे बोलीला हसण्याची सोय प्रेक्षकाला राहिली नाही. तिला भ्यावे लागले. त्याच लेखक-दिग्दर्शकांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांच्या आधाराने हीच सत्ता मुंबईत मंत्रालयाच्या दालनांत वावरताना दिसते.

संगीताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण गाण्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि कंठ तिसऱ्याचा असतो. ‘पिंजरा’तील लावण्या जगदीश खेबुडकर यांनी लिहिल्या, राम कदम यांनी बांधल्या आणि उषा मंगेशकर यांनी गायिल्या. फडावरची लावणी ज्या घरांत निषिद्ध होती त्याच घरांत ती आकाशवाणीवरून व ध्वनिमुद्रिकांवरून निर्वेधपणे गेली. हा प्रवेश तिला कंठाने मिळवून दिला. येथेही लाभ आणि हानी एकत्रच आहेत : लावणी घरात आली, पण लावणी गाणारी बाई दाराबाहेरच राहिली.

‘जैत रे जैत’चे (१९७७) उदाहरण याहून वेगळे आहे. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही ठाकरांची कथा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गीते ना. धों. महानोरांची. महानोर अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे, आणि ठाकर सह्याद्रीच्या कुशीतले. या गीतांची भाषा ठाकरीची नक्कल नाही. ती कवीने आपल्या शेतशिवाराच्या बोलीतून घडविलेली तिसरीच भाषा आहे. बोलीचा नमुना म्हणून ती अभ्यासणे चुकीचे, पण बोली काव्याला समर्थ आहे याचा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे.

जे या तिन्ही माध्यमांत फारसे आले नाही त्याचीही नोंद केली पाहिजे. ‘गोलपिठा’तील मुंबईची मराठी या दशकात पडद्यावर ऐकू आली नाही. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवि-गायकांची गाणी वस्त्या-वस्त्यांतून, सभा-जलशांतून फिरत होती. त्यांचा प्रवास मुखोद्गत परंपरेचा होता. माध्यमांचा इतिहास केवळ माध्यमांच्या दप्तरांवरून लिहिला तर हा सारा प्रवाह निसटतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९८२ मध्ये या व्यवस्थेचा शेवट झाला. राष्ट्रीय प्रक्षेपणाने रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला. त्याच सुमारास रंगही आला. १९८४ मध्ये ‘हम लोग’ने मालिकांचे हिंदी युग सुरू केले. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२ चाच, आणि तो ‘सुबह’ या नावाने हिंदीतही निघाला. या दुहेरी निर्मितीत पुढील काळाची चाहूल होती. पुढे प्रक्षेपणाची व्याप्ती वाढत गेली. म्हणजे विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील प्रेक्षकांच्या मोठ्या भागाला दूरदर्शन मिळाले तेव्हा त्याच्या मुख्य वेळेची भाषा मराठी राहिली नव्हती. ज्या दहा वर्षांत मराठीला त्या पडद्यावर सर्वाधिक मोकळीक होती, त्या वर्षांत बहुसंख्य मराठी भाषक त्या पडद्यासमोर नव्हते. ‘सुवर्णकाळ’ हा शब्द वापरताना हा विरोध विसरला जातो.

शेवटी अभ्याससाधनांविषयी. चित्रपट निदान पुष्कळसे उपलब्ध आहेत, गाणी आहेत. दूरदर्शनाचे तसे नाही. आरंभीचे पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आणि फिती महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. आपल्या भाषेच्या उच्चारणाचा, संवादाच्या ढंगाचा, एका पिढीच्या बोलण्याचा तो पुरावा होता, आणि त्यातील मोठा भाग आता कोणत्याही कपाटात सापडणार नाही. उरले आहेत ते त्या कार्यक्रमांत काम केलेले निवेदक, तंत्रज्ञ, लेखक, आणि ते पाहणारे प्रेक्षक. त्यांतील बहुतेकांनी आज सत्तरी ओलांडली आहे. मराठी बोलींच्या सर्वेक्षणासाठी आपण गावोगाव जातो, हे योग्यच आहे. परंतु मुंबई-पुण्याच्या चाळींतून व वसाहतींतून ही मौखिक साक्ष नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर एका लुप्त दप्तराची काही पाने तरी पुन्हा लिहिली जातील. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.