मंडईच्या माडीवरची नगरपालिका

पुण्यात एके काळी नगरपालिकेत काम निघाले की मंडईत जावे लागे. खाली भाजीचे गाळे, वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी. शहराचा कारभार भाजीवाल्यांच्या डोक्यावर बसून चालायचा, आणि मला ती जागा कारभाराला अगदी योग्य वाटते.

त्याआधी भाजीचा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरे. ऊन, पाऊस, चिखल, सगळे विक्रेत्यांच्या अंगावर. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधायचे ठरवले, तेव्हा सभासदांत जोतीराव फुले होते. १८७६ मध्ये सरकारने त्यांची नेमणूक केली होती. सभेत मान डोलावणाऱ्यांतले ते नव्हते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हाही त्यांनी विरोधात मत दिले होते. मंडईच्या खर्चालाही त्यांनी आणि सभासद हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते.

हा विरोध बाजाराशी संबंध नसलेल्या माणसाचा नव्हता. फुल्यांचे घराणे फुलांच्या धंद्यातले. ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार, भाजीपाल्याच्या व्यापाराचीही त्यांना माहिती. दगड-चुन्याला किती पैसा लागतो आणि शेतकऱ्याच्या हातात किती पडतो, हे त्यांना जवळून ठाऊक होते. मंडईची आखणी-उभारणी चालू होती त्याच काळात, १८८३ मध्ये, ते शेतकऱ्यांच्या हलाखीवरचे ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक लिहून पूर्ण करत होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांच्या मताचे वजन कळते.

बहुमत दुसऱ्या बाजूला होते. मंडई झाली. वासुदेव बापूजी कानिटकरांनी ती बांधली: मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर उंच निमुळता मनोरा, चहूबाजूंनी फुटलेली लांब दालने. काम देखणे झाले यात वादच नाही. १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ सुरू झाले. गंमत अशी की ज्यांच्यासाठी ते बांधले तेच विक्रेते सुरुवातीला तिथे जायला राजी नव्हते. उघड्यावर बसण्यापेक्षा गाळ्याचे भाडे त्यांना जड वाटे. फुले १८९० मध्ये वारले.

पुढे कचेरी वर आल्यावर मंडई नुसती बाजाराची जागा राहिली नाही. १९२४ मध्ये तिच्या आवारात टिळकांचा पुतळा बसला, अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. बाहेरच्या चौकात सभा गाजू लागल्या, गप्पांना तर ‘मंडई विद्यापीठ’ असे नावच पडले.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत होते. त्यांच्या पुढाकाराने रे साहेबांचे नाव जाऊन ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्या नगरपालिकेत फुल्यांचे मत हरले होते, तिनेच इमारतीला त्यांचे नाव दिले. मला हे नामांतर मनापासून आवडते, पण नावाबरोबर त्यांचा विरोधही मुलांना सांगितला पाहिजे. नाहीतर मंडई त्यांनीच बांधली असे वाटायचे.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली. वाढत्या शहराचा कारभार माडीवर राहिला नाही; कचेरी पुढे नदीपलीकडे शिवाजीनगरला गेली. भाजीवाले मात्र तिथेच राहिले.